लेन्सला नावं ठेवण्याआधी अडॅप्टर मोजा

जुनी मॅन्युअल लेन्स मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीवर चढवायची, कोल्हापूरच्या रंकाळ्यावर जाऊन पाच-पंचवीस फोटो काढायचे, घरी मोठ्या स्क्रीनवर बघायचे आणि सॉफ्ट दिसले की निकाल देऊन मोकळं व्हायचं: "जुनी काच आहे, एवढंच देणार." हा निकाल बहुतेक वेळा चुकीच्या आरोपीवर लागतो. धड स्थितीतली ५० मिमीची साधी लेन्स एफ/५.६ ला आजच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरलाही व्यवस्थित पुरते. गडबड असते ती जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसवणाऱ्या मधल्या अडॅप्टरमध्ये. नुसतं ॲल्युमिनियमचं कडं, त्यात काच नाही, वायर नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघतच नाही.

लेन्स बॉडीवर जिथे टेकते त्या कड्यापासून फिल्मपर्यंत किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटला, म्हणजे लेन्स बसवायच्या जोडाला, ठरलेलं असतं. एम४२ या आट्यांच्या माउंटला ते ४५.४६ मिमी, पेंटॅक्स के ला तेवढंच, निकॉन एफ ला ४६.५, ऑलिंपस ओएम ला ४६, मिनोल्टा एमडी ला ४३.५, कॅनॉन एफडी ला ४२. हल्लीच्या बॉड्यांमध्ये आरसा नसल्यामुळे हे अंतर फारच कमी झालंय: सोनी ई ला १८, कॅनॉन आरएफ ला २०, निकॉन झेड ला १६, फुजी एक्स ला १७.७. जुनं अंतर वजा नवं अंतर, तेवढी अडॅप्टरची जाडी. एम४२ लेन्स सोनीवर लावायची तर २७.४६ मिमी, निकॉन एफ लेन्स निकॉन झेडवर लावायची तर ३०.५ मिमी. गणित संपलं. आता तो अडॅप्टर खरंच तेवढा आहे का, हा प्रश्न.

समजा तो ०.१ मिमी जाड निघाला. जाडसर कागदाएवढा फरक, काय बिघडतं? फोकल लेंग्थचा वर्ग करा आणि जास्तीच्या जाडीने भागा. जे मिमी येतील त्याच्या पलीकडे लेन्स फोकस करू शकत नाही. ५० मिमीसाठी २५०० भागिले ०.१, म्हणजे २५ मीटर. रंकाळ्याच्या काठावरून पलीकडचा शालिनी पॅलेस त्या लेन्सला कधीच शार्प दिसणार नाही, रिंग कितीही फिरवा. २८ मिमीच्या लेन्सची अवस्था आणखी वाईट, जेमतेम पावणेआठ मीटर. उलट १३५ मिमीला तोच अडॅप्टर १८० मीटरपर्यंत नेतो. त्यामुळे "माझी टेली झकास आहे पण वाइड एकदम भंगार" अशी तक्रार ऐकली की आधी अडॅप्टरवर संशय घ्यावा. वाइड लेन्सला जाडीतला फरक सगळ्यात जास्त झोंबतो.

हे माहीत असल्यामुळे स्वस्तातले कारखानदार अडॅप्टर मुद्दाम थोडा पातळ ठेवतात. पातळ असला की इन्फिनिटी, म्हणजे अगदी लांबचा फोकस, हमखास मिळते, फक्त रिंगवरच्या ∞ खुणेच्या अलीकडेच मिळते. फोकस मॅग्निफाय करून काम करणाऱ्याला याचा त्रास नाही. पण स्केल वाचून फोकस लावणाऱ्याचं सगळं गणित कोलमडतं, आणि आत हलते घटक असलेल्या वाइड लेन्सचे कोपरेही बिघडतात.

कोल्हापुरात हे मोजायला लांब जावं लागत नाही. उद्यमनगरात ज्या शॉपमध्ये मायक्रोमीटर, डेप्थ गेज आणि सरफेस प्लेट आहे तिथे पाच मिनिटांचं काम आहे. मात्र मोजायचं काय ते आपल्याला माहीत हवं. कॅमेऱ्याकडच्या बाजूला बेयोनेटचे (फिरवून अडकवायच्या जोडाचे) तीन दात टेकण्याच्या कडेच्या पुढे आलेले असतात. अडॅप्टर प्लेटवर तसाच उभा ठेवून वरपर्यंतची उंची घेतली तर त्या दातांचीही उंची त्यात धरली जाते आणि आकडा चार-पाच मिमी जास्त येतो. म्हणून सारख्या उंचीचे दोन पॅरलल ब्लॉक घ्यायचे, त्यांच्यावर अडॅप्टरची टेकणारी कडा ठेवायची, दात मधल्या फटीत लोंबू द्यायचे, मग वरच्या कडेची उंची घेऊन ब्लॉकची उंची वजा करायची. घड्याळाच्या बारा, तीन, सहा, नऊ अशा चार जागी मोजायचं. चारही आकडे एकमेकांपासून ०.०२ मिमीच्या आत हवेत. एकूण जाडी असायला हवी त्यापेक्षा ०.०३ पर्यंत कमी चालेल, जास्त अजिबात नको. साध्या डिजिटल व्हर्निअरवर शेवटचा आकडा दिसतो म्हणून त्यावर विश्वास टाकू नका. त्याची स्वतःची चूकच ०.०२ च्या आसपास असते.

पातळ निघाला तर दुरुस्ती सोपी. बरेचसे अडॅप्टर दोन भागांचे असतात, बेयोनेटची पत्री तीन किंवा चार स्क्रूंनी नळीवर बसवलेली असते. ते स्क्रू काढायचे आणि मध्ये शिम, म्हणजे पातळ पत्र्याची रिंग, घालायची. पितळी शिम पत्री ०.०५ आणि ०.१ मिमीची मिळते. त्याहून बारीक फरक असेल तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल ०.०१ ते ०.०२ मिमीची असते, तिचे एक-दोन थर. शिम पूर्ण रिंगच्या आकारात कापलेली हवी. फक्त स्क्रूखाली तुकडे सारले तर एखाद्या बाजूला कमी-जास्त होतं आणि लेन्स तिरकी बसते. कात्रीने कापल्यावर कडेला धातूची धार उभी राहते, शिम काचेवर ठेवून ती नखाने दाबून सपाट करा, नाहीतर ती धारच ०.०३ मिमी खाते.

जाड निघाला तर लेथ. पातळ ॲल्युमिनियमचं कडं सरळ चकमध्ये आवळलं की ते तिकोनी होतं, फेसिंग मारून (तोंड सपाट कापून) बाहेर काढलं की पुन्हा गोल व्हायला बघतं आणि तोंड वाकडं राहतं. टर्नरला सांगून आतून मँड्रेलवर किंवा सॉफ्ट जॉमध्ये धरायला लावा आणि एका पासला ०.०२ पेक्षा जास्त घेऊ नका म्हणून सांगा. काम झाल्यावर अडॅप्टर भांडी घासायच्या लिक्विडने धुऊन, ब्रश मारून, पूर्ण वाळवून मगच बॉडीवर लावायचा. आट्यांत अडकलेला धातूचा चुरा थेट सेन्सरवर जाऊन बसतो. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला, तिथे कॅमेऱ्याचा जॉब घेऊन गेलेल्या माणसाकडे कुणी वेड्यासारखं बघू नये, पण पहिल्या दोन दुकानांत बघतील, एवढी तयारी ठेवा.

मोजायची सोय नसेल तर फोटो काढूनही समजतं. पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र किंवा दोन-तीन किलोमीटरवरच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा घ्या. गच्चीवरून जोतिबाच्या डोंगरावरचे दिवे दिसत असतील तर उत्तमच. ट्रायपॉड, लेन्स पूर्ण उघडी, मॅग्निफायर सगळ्यात मोठा. रिंग ∞ च्या टोकाला नेऊन दिवा बिंदूसारखा दिसतो का बघा. टोकाला जाण्याआधीच बिंदू होऊन पुढे पुन्हा पसरतो तर अडॅप्टर पातळ, टोकाला पोचूनही पसरटच राहतो तर जाड.

फोटोची एक बाजू शार्प आणि दुसरी सॉफ्ट येत असेल तर मामला वेगळा. लोक विटांच्या भिंतीचा फोटो काढून बघतात. त्यात घोळ असा की कॅमेरा भिंतीला समांतर धरलाय की नाही हेच नक्की नसतं. त्यापेक्षा तोच लांबचा दिवा एकदा फ्रेमच्या डाव्या टोकाला आणि एकदा उजव्या टोकाला ठेवून दोन फोटो घ्या, मध्ये रिंगला हात लावू नका. फरक दिसला तर दोष अडॅप्टरचा की लेन्सचा हे एम४२ मध्ये तपासता येतं. अडॅप्टरच्या कडेला तीन इवलेसे ग्रब स्क्रू असतात, घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरने ते सैल केले की आतलं आट्यांचं कडं फिरतं. ते अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळा आणि तेच दोन फोटो पुन्हा घ्या. सॉफ्ट बाजू डावीची उजवीकडे गेली तर लेन्सचा एखादा घटक सरकलेला आहे. जिथल्या तिथे राहिली तर अडॅप्टर तिरका आहे किंवा बॉडीवर डुगडुगतोय. डुगडुगत असेल तर बेयोनेटच्या दातांना जी बारीक चीर असते, त्यात चपटा स्क्रूड्रायव्हर घालून दात अगदी किंचित उचला. पकड घट्ट होते. जोर लावला तर दात मोडतो, हेही लक्षात असू द्या.

अडॅप्टरचा तिसरा दोष नजरेला दिसतो पण लक्षात येत नाही, तो म्हणजे आतली चकाकी. काळा रंग असला तरी ॲनोडाइज केलेली नळी तिरप्या उजेडात चमकते आणि फोटोवर दुधाळ पडदा येतो. मग पुन्हा लेन्सच्या कोटिंगच्या नावाने खडे. हार्डवेअरच्या दुकानातला ब्लॅकबोर्ड पेंट पातळ करून आतल्या भिंतीला एक हात मारला आणि दोन दिवस वाळू दिला तर बराच फरक पडतो. मखमलीसारखा चिकट फ्लॉक कागद त्याहून चांगला, पण त्याचे तंतू सुटत नाहीत ना ते टेप लावून-काढून आधी बघा.

आता लेन्सकडे. महाद्वार रोड, राजारामपुरी, शाहूपुरीतल्या एखाद्या जुन्या स्टुडिओचं किंवा घरातलंच कपाट उघडलं तर त्यात बहुधा निकॉन, पेंटॅक्स, याशिका, मिनोल्टा किंवा झेनिटबरोबर आलेली ५० किंवा ५८ मिमी निघते. याशिका मॅट किंवा इलेक्ट्रो ३५ निघाला तर तो जसा आहे तसा जपा, त्याची लेन्स सुटी होत नाही.

झेनिटची हेलिओस ४४-२ सगळ्यांना हवी असते. ५८ मिमी, एफ/२, ॲपर्चरची आठ पाती, जुन्या झाइस बायोटारवर बेतलेली. तिला ॲपर्चरच्या दोन रिंगा असतात: एक खटके देऊन आकडा ठरवते, दुसरी बिनखटक्याची असते आणि त्या आकड्यापर्यंत पाती बंद करते. मिररलेसवर ही व्यवस्था फार सोयीची पडते. एफ/२ ला फोकस करायचं आणि डोळा न काढता दुसरी रिंग अडेपर्यंत फिरवायची. ज्या गोल फिरत्या पार्श्वभूमीसाठी लोक तिच्या मागे लागतात ती प्रत्येक फोटोत येत नाही. माणूस दीड मीटरवर, मागे पाच ते दहा मीटरवर पानांतून उजेड गळणारी झाडी, ॲपर्चर पूर्ण उघडं आणि बॉडी फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरची), एवढं जुळलं तर येते. विद्यापीठाच्या आवारात जागा शोधावी लागत नाही. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीवर कडा कापल्या जातात आणि सगळी मजा कडांतच असते.

पुढच्या काळातल्या एम४२ लेन्सच्या मागे एक पिन असते. जुन्या कॅमेऱ्यात शटर दाबलं की ती आत ढकलली जायची आणि पाती मिटायची. काही लेन्सवर ऑटो-मॅन्युअल असा खटका असतो, तो मॅन्युअलवर टाकला की प्रश्न मिटला. खटका नसलेली लेन्स साध्या अडॅप्टरवर कायम उघडीच राहते, तिला आतून कडा असलेला, पिन दाबून धरणारा अडॅप्टर लागतो. विकत घेताना हे विचारायचं राहून जातं आणि मग "ॲपर्चर बिघडलंय" म्हणून चांगली लेन्स अर्ध्या किमतीत विकली जाते. घेणारा हुशार असेल तर त्याची चांदी.

झेनिटच्या अगदी सुरुवातीच्या लेन्स ३९ मिमीच्या आट्यांच्या आहेत. लायकाच्या जुन्या लेन्सही ३९ मिमीच्याच. लायकाचं अंतर २८.८ मिमी आणि झेनिटचं ४५.२. झेनिटची लेन्स लायकाच्या अडॅप्टरवर घातली तर कुठल्याच अंतरावर काहीच फोकस होत नाही. ३९ ते ४२ चं पातळ कडं घालून एम४२ अडॅप्टर वापरायचा.

डीएसएलआरवाल्यांसाठी, म्हणजे आरसा असलेला डिजिटल कॅमेरा वापरणाऱ्यांसाठी, थोडक्यात. कॅनॉन ईएफ बॉडीचं अंतर ४४ मिमी, त्यामुळे एम४२ ला १.४६ आणि निकॉनला २.५ मिमीचं कडं पुरतं. फक्त फुल-फ्रेम बॉडीत काही लेन्सचा मागचा भाग इन्फिनिटीला आरशाला घासतो, पहिल्यांदा लाइव्ह व्ह्यूमध्येच तपासा. निकॉन डीएसएलआरवर एम४२ लावायची तर उलट १.०४ मिमी कमी पडतात. बिनकाचेच्या अडॅप्टरवर ५० मिमी लेन्स जेमतेम २.४ मीटरपर्यंत फोकस करते. काचेचे अडॅप्टर मिळतात, पण दोनशे रुपयांच्या भिंगातून चांगल्या लेन्सला बघायला लावण्यात अर्थ नाही. निकॉनच्या स्वतःच्या लेन्समध्ये १९७७ च्या आधीची, एआय (ॲपर्चर बॉडीला कळवणारी निकॉनची रचना) नसलेली लेन्स डी७००० सारख्या बॉडीवर जबरदस्तीने फिरवू नका, माउंटजवळची ॲपर्चरची पट्टी मोडते. डी३००० आणि डी५००० मालिकेवर ती बिनधास्त बसते, मात्र मीटर चालत नाही. कॅनॉन एफडीच्या अडॅप्टरवर लॉक-ओपन असं कडं असतं. ते लॉकवर नसेल तर ॲपर्चरची रिंग नुसतीच फिरते.

आणखी एक गोष्ट कपाटातून भंगारात जाते ती डार्करूममधल्या एन्लार्जरची लेन्स. एल-निक्कोर, कॉम्पोनॉन, रोडेनस्टॉक अशी नावं दिसली तर ती बाजूला काढा. बहुतेकींचे आटे ३९ मिमीचे. त्यांना फोकसची रिंग नसते, म्हणून एम४२ ची फिरती हेलिकॉइड (लेन्स पुढे-मागे सरकवणारी आट्यांची नळी) किंवा बेलोज (त्याच कामाचा घड्यांचा भाता) लागतो. या लेन्स जवळच्या सपाट गोष्टीसाठीच बनवलेल्या असल्यामुळे कोल्हापुरी साजाची पानं किंवा हुपरीचं चांदीचं बारीक काम एफ/५.६ ते एफ/८ ला असं टिपतात की महागडी मॅक्रो लेन्स घ्यायचा विचार पुढे ढकलता येतो. एकच अडचण: काहींच्या ॲपर्चरच्या आकड्यांना उजेड देणारी खिडकी असते, ती मागून काळ्या टेपने बंद करा, नाहीतर तिथून उजेड आत शिरतो.

कॅमेऱ्यातल्या सेटिंगला वेळ लागत नाही, पण एक जरी चुकलं तरी सगळं अडतं. सोनीवर "रिलीज विदाउट लेन्स" आणि फुजीवर "शूट विदाउट लेन्स" चालू करा, नाहीतर शटरच पडत नाही. निकॉन झेडमध्ये नॉन-सीपीयू लेन्स डेटामध्ये फोकल लेंग्थ आणि ॲपर्चर भरा. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेंग्थ हाताने घालावी लागते, आणि ती लेन्सवर छापलेली, क्रॉपने गुणलेली नव्हे. १३५ घालून ठेवलं आणि नंतर २८ मिमी चढवली तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि स्थिर हातानेही फोटो हललेला येतो. मोड ए, म्हणजे ॲपर्चर आपलं आणि शटर कॅमेऱ्याचं. ऑटो आयएसओमध्ये कमीत कमी शटर स्वतः ठरवा, कारण कॅमेऱ्याला लेन्स कुठली ते माहीत नसतं आणि तो १/६० वर समाधान मानतो. ५० मिमीला १/१२५, १३५ ला १/२५० किंवा त्याहून वेगवान.

स्क्रीनवर कडा रंगवून दाखवणाऱ्या फोकस पीकिंगवर भिस्त ठेवणारे निम्मे फोटो घालवतात. पीकिंग फोकस दाखवत नाही, कॉन्ट्रास्टची धार दाखवतं. ५० मिमी एफ/१.४ ला एक मीटरवर साधारण साडेतीन सेंटीमीटर खोली (शार्प दिसणारा पट्टा) मिळते आणि पीकिंगचा रंग नाकापासून कानापर्यंत पसरलेला असतो. पातळी "लो" ठेवा, रंग लाल ठेवा, पिक्चर स्टाइल ब्लॅक अँड व्हाइट करा आणि फोटो रॉमध्ये घ्या, म्हणजे रंग शाबूत राहतात. पीकिंगने जवळपास जायचं, मॅग्निफाय करून डोळ्याच्या पापणीवर थांबायचं. एफ/४ पर्यंत ज्या ॲपर्चरला फोटो काढायचा त्यालाच फोकस करा, कारण काही वेगवान लेन्समध्ये ॲपर्चर मिटताना फोकस सरकतो. त्याहून बारीक ॲपर्चरला आधी उघडून फोकस करून मग मिटलेलं बरं.

तालमीत मॅन्युअल फोकस जमत नाही हा गैरसमज. पहाटे जोर मारणारा पैलवान दर वेळी वर आला की क्षणभर थांबतो, आणि त्याचा चेहरा दर वेळी त्याच जागी येतो. त्या जागेवर फोकस लावून रिंग सोडून द्या, तो थांबला की दाबा. एफ/२, १/२५०, आयएसओ लागेल तेवढा. ट्यूब किंवा एलईडीखाली सायलेंट शटर वापरलं तर आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर ठेवा आणि १/१०० ला उतरायची तयारी ठेवा. खासबाग मैदानात तर काम आणखी सोपं. एकदा जागा धरली की आखाड्याचं अंतर बदलत नाही. २० मीटरवर १३५ मिमी एफ/४ ला पाच मीटरच्या आसपास खोली मिळते, म्हणजे आखाड्याच्या मध्यावर एकदा फोकस केला की कुस्ती संपेपर्यंत रिंगला हात लावायची गरज नाही. २०० मिमीला हीच खोली निम्म्याहून कमी होते, तेव्हा तिथे डुलकी चालत नाही.

मिरवणुकीत, दसरा चौकातल्या गर्दीत, शुक्रवारच्या अंबाबाईच्या पालखीला लेन्सवरची अंतराची स्केल वापरा. फुल-फ्रेमवर २८ मिमी एफ/८ ला फोकस ३.३ मीटरवर ठेवला तर साधारण १.६ मीटरपासून पुढे सगळं चालण्याजोगं येतं. लेन्सवरच्या खोलीच्या खुणा फिल्मच्या लहान प्रिंटच्या हिशोबाने कोरल्यात. आजच्या सेन्सरसाठी एफ/८ ला फोटो काढताना एफ/४ च्या खुणा वाचा. अडॅप्टर बरोबर जाडीचा असेल तरच हे आकडे खरे, एवढं पुन्हा सांगायला हवं. आणि निकॉनची रिंग कॅनॉनच्या उलटी फिरते. दोन्ही वापरत असाल तर घाईत हात चुकतो. एका दिवशी एकच पंगत बरी.

काचेचा रंग पिवळट दिसला तर घाबरू नका. सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या सात घटकांच्या लेन्समध्ये थोरियमची काच आहे, ती वर्षानुवर्षांत पिवळी पडते आणि अतिनील उजेडात पुन्हा निवळते. हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात मागून फॉइलचं झाकण लावून काही दिवस ठेवा. एप्रिलच्या उन्हात ठेवली तर ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं. आणि कुठल्याही ऋतूत उघडी लेन्स उन्हात सोडून जाऊ नका. ते भिंग आहे, पडदे पेटतात.

विकत घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने लावून, ॲपर्चर उघडं ठेवून तिरकं बघा. जाळ्यासारखे तंतू म्हणजे फंगस, धुक्यासारखा थर म्हणजे उडालेल्या तेलाची वाफ, कडेला इंद्रधनुषी चकती म्हणजे चिकटवलेल्या दोन काचा सुटल्यात. धुक्याचा थर पुसला जातो, फंगस लवकर सापडली तर जाते, सुटलेल्या काचा घरी जोडण्याच्या भानगडीत पडू नये. कोल्हापुरात आणखी एक तपासणी आवश्यक. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सखल भागात पाणी शिरलं होतं, आणि त्या पाण्यातून निघालेला माल आजही फिरतो. स्क्रूंच्या खाचेत बारीक गाळ, ॲल्युमिनियमवर पांढरी पूड, रिंग फिरवताना वाळू दळल्यासारखी खरखर दिसली की कितीही स्वस्त असो, परत द्या.

फंगस वरच्या काचेवर असेल तर तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया समप्रमाणात, ताजं मिसळून, खिडकी उघडी ठेवून, कापडाला लावून पुसायचं. काचेवर ओतायचं नाही. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल. स्क्रू जपानी लेन्सचे असतील तर जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, साधा फिलिप्स खाचेतून उसळतो आणि डोकं खातो. हेलिकॉइडला गाडीचं ग्रीस भरणाऱ्याला मात्र माफी नाही.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला जुनी लेन्स न्यायचीच असेल तर एकच लेन्स, घरूनच लावलेली, पुढे साधा फिल्टर, आणि फोकस रिंगपासून बॉडीपर्यंत पातळ प्लास्टिक रबरबँडने गुंडाळलेलं. गुलाल इतका बारीक असतो की रिंग फिरवली की हेलिकॉइड तो आत ओढून घेते. या लेन्सना हवामानापासून वाचवणारं सील नसतंच. परत आल्यावर आधी ब्लोअर, मग कोरडा मऊ ब्रश, लेन्सचं तोंड खाली धरून. ओलं कापड सगळ्यात शेवटी. आधीच ओलं लावलं तर गुलालाचा लगदा होतो आणि कोरलेल्या आकड्यांत कायमचा गुलाबी रंग बसतो.

जून ते सप्टेंबर लेन्स कपाटात ठेवायच्या नाहीत, विशेषतः बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या. सोबत आलेली चामड्याची जुनी पेटी फेकून द्या किंवा वेगळी ठेवा, फंगसचं बियाणं तिच्यातच असतं. रबरी कड असलेला दहा लिटरचा हवाबंद डबा, त्यात दीड-दोनशे ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा डिजिटल हायग्रोमीटर. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवायची. ६० च्या वर फंगसला रान मोकळं. डबा दर चार मिनिटांनी उघडून बघायची सवय असेल तर जेल आठवड्यात संपतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवून पुन्हा वापरता येतं. निळं जेल असेल तर त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या कढईत आणि जेवणाच्या ओव्हनमध्ये भाजू नका. नारिंगी मागून घ्या.